लाल काटा नऊवर होता

मी दुखणं मोजायची एक जुनी पट्टी आहे. हसू नका, मित्रांनो! कापड मोजायची पट्टी तुम्ही पाहिली असेल, ताप मोजायची नळीही पाहिली असेल. माझं काम त्या दोघींपेक्षा अवघड. दुखणं डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि त्याने सांगितलं तरच मला कळतं.

प्लॅस्टिकच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटावर एक सरळ रेघ आहे. तिच्या एका टोकाला 'दुखत नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'सहन होत नाही' असं लिहिलंय. रेघेवर एक लाल काटा सरकतो. शून्य ते दहा आकडे माझ्या पाठीवर आहेत. दुखणाऱ्या माणसाने काटा सरकवायचा आणि नर्सने पाठीमागून आकडा वाचायचा.

मला रुग्णालयातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणलं. तिथे एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि हिरव्या पडद्यामागे एक खाट होती. काही बायकांचं ओटीपोट वर्षानुवर्षं दुखतं. तपासणीत काही सापडत नाही, मग घरचे म्हणतात, हिला काही झालेलंच नाही. अशा दोनशे बायकांना दर तीन महिन्यांनी बोलवायचं, औषधपाणी करायचं आणि दहा वर्षं विचारत राहायचं, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं. दुखणं कशाने वाढतं आणि कशाने उतरतं, ते त्यांना शोधायचं होतं.

त्यांतली एक शिवणकाम करायची. पहिल्यांदा ती सासूबाईंबरोबर आली. तिने काटा हळूच तीनवर नेला.

"बघा, मी म्हटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "बायकांच्या जातीला एवढं तेवढं दुखायचंच."

पुढच्या खेपेला नर्सताईंनी सासूबाईंना बाहेर बसवलं. काटा थेट आठवर गेला.

"अगं, तीनाचे एकदम आठ?"

"तेव्हाही आठच होते, ताई. पण त्या बघत होत्या ना."

तेव्हापासून नातेवाईक दाराबाहेर बसू लागले. मला केवढा अभिमान वाटला! घरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बायका माझ्यापाशी खरं बोलत होत्या. पण त्या दोन घटका बोलून निघून जात. उरलेले दिवस मी खणात, एका गंजक्या कात्रीशेजारी. तिच्याशी काय बोलणार!

चौथ्या वर्षी एका खेपेला शिवणवाली आली नाही. पुढच्या खेपेलाही आली नाही. तिच्या बोटांची मला सवय झाली होती, मला फार एकटं वाटलं.

त्या खोलीत एक नियम होता. लागोपाठ दोनदा न आलेल्या बाईच्या नावापुढे 'बरी झाली' असं लिहायचं, शून्य मांडायचं आणि फाइल बंद करायची. दुखत असतं तर आली असती ना! भिंतीवरचा सगळ्यांच्या दुखण्याचा आलेख दरवर्षी खाली उतरत होता. पाहुणे यायचे, डॉक्टरबाईंचं कौतुक करायचे. मी आपली मूग गिळून खणात पडून.

शिवणवालीची फाइल बंद करायची वेळ आली तेव्हा नर्सताई अडल्या. "डॉक्टर, शेवटी तिचा आकडा आठ होता. आठावरून एकदम शून्य?"

"औषध लागू पडलं असेल. लिहून टाका."

ताईंनी लिहिलं नाही. त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि दोन बस बदलून तिचं घर गाठलं.

शिवणयंत्रावर धूळ होती. त्याच्या पायाशी ती सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

"आली का नाहीस गं?"

"दोन बस, ताई. तेवढा वेळ बसवत नाही. आता यंत्रावरही बसवत नाही." मग तिने विचारलं, "माझ्या नावापुढे आता काय लिहिणार?"

ताईंनी नियम सांगितला. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "म्हणजे मी उठूही शकत नाही, आणि तुमच्या कागदावर मी ठणठणीत?"

तिने काटा नऊवर नेला.

ताईंनी काटा न हलवता मला डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी माझ्या पाठीवरचा आकडा वाचला. मग उठल्या आणि भिंतीवरचा आलेख स्वतःच्या हाताने उतरवला. 'बरी झाली' लिहिलेल्या एकतीस जणींची चौकशी झाली. एकोणीस जणी दुखण्यामुळेच येऊ शकल्या नव्हत्या. नियम खोडला गेला आणि ताई घरोघरी जाऊ लागल्या.

शिवणवालीवर घरीच उपचार सुरू झाले. वर्षभराने ती आली, स्वतः शिवलेली, बसताना दाब येऊ नये म्हणून मधोमध पोकळ ठेवलेली उशी घेऊन. उशी खुर्चीवर ठेवून ती बसली आणि तिने काटा सरकवला.

"सहा," ताई म्हणाल्या.

"खरेखुरे सहा हं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही."

आता बायका फोनवरच आकडा कळवतात. मी पुन्हा खणात आहे. कात्रीही कुणीतरी नेली. कधीकधी वाटतं, माझ्या नावापुढेही कुणी काहीतरी लिहून फाइल बंद केली असेल.

मित्रांनो, रोज दिसणारं माणूस दिसेनासं झालं, तर ते मजेत असेल असं धरून चालू नका. त्याच्या दारी जा. कसं वाटतंय, म्हणून विचारा. आणि पहिल्यांदा त्याने तीन सांगितले, तर थोडा वेळ तिथेच बसा.