मनकर्णाबाईचं ताट

डोणगावात कोणाच्या डाळीला किडे लागले, की बाया मनकर्णाबाईकडे यायच्या. "दाळीले एरंडेलाचा हात लाव, गव्हात लिंबाचा पाला टाक," एवढं सांगून झालं की तिची गाडी भांड्यांवर यायची. "भांडे लग्नसराई सरल्यावर घ्यावं. भाव उतरते. गरज पडल्यावर जाशीन तं दुकानदार मान कापते. अन् घेतल्याबरोबर नाव टाकून घ्यावं. बिननावाचं भांडं म्हणजे बिनमालकाचं ढोर, कोणीबी हाकलून नेते."

वांगी-मेथीची पाटी डोक्यावर घेऊन तिनं बाजार केले आणि एकेक भांडं जोडलं. आधीच्यांवर नवऱ्याचं नाव, रामराव. पुढं पोरं झाली, तशी ज्ञानेश्वर आणि सागर. नाव कोरणाऱ्यानं एकदा विचारलं होतं, "काकू, एखाद्यावर तुमचं टाकू का?" तर पदर तोंडाला लावून हसली. "बाईचं नाव टाकते काय कोणी?"

सगळ्या गावाला शहाणपण वाटणारी बाई इथंच चुकली.

रामराव गेले आणि वर्षाच्या आत पोरांनी वाटण्या केल्या. शेत झालं, मग ओसरीवर भांड्यांचा ढीग पडला. सागर नावं वाचत होता, सुना ओढून घेत होत्या. रामरावांची भांडी निम्मी निम्मी झाली. ढीग संपला तेव्हा ती म्हणाली, "अन् माह्यं?"

ज्ञानेश्वर हसला. "मा, तुह्यं नाव कुठी आहे त्याच्यावर? अन् तुले काऊन लागते भांडं? आमच्यातच जेवशीन."

खोटं काही बोलला नाही तो, म्हणूनच ते जास्त झोंबलं. सागर आपला वाटा घेऊन बुलढाण्याला गेला. ती ज्ञानेश्वरकडे राहिली आणि हाताला लागेल त्या ताटात जेवू लागली. पाहुणे आले की ताट कमी पडायचं, आणि कमी पडायचं ते नेमकं तिचंच. चार वर्षं ती म्हणत राहिली, "एक ताट घेऊन दे मले. माह्या नावाचं." ज्ञानेश्वर म्हणायचा, "घेऊ." घरातलं मांजरसुद्धा त्या 'घेऊ'चा अर्थ ओळखून होतं.

यंदा श्रावणात ती आजारी पडली. अठरा दिवस दवाखान्यात काढले, डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. पण जुनं हाड! दसऱ्याला म्हातारी उठून बसली.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, तेव्हा गव्हाच्या कोठीमागं तिला एक जड पोतं सापडलं. आत नवीकोरी स्टीलची ताटं. प्रौढांच्या वर्गात शिकलेली चार अक्षरं अजून शाबूत होती. खिडकीशी ताट धरून, बोट फिरवत तिनं वाचलं. म. न. क. र्णा. बाई. तिचे डोळे भरून आले. पोरानं घेतलं होतं! उगाच त्याला मनात शिव्या घातल्या, असं तिला वाटलं.

मग दुसरं ताट काढलं. त्यावरही तेच नाव. तिसऱ्यावरही. पोत्यात शंभरेक तरी असतील. एका म्हातारीला शंभर ताटं कशाला? तिनं पुन्हा बोट लावलं. नावाच्या आधीचं एक बारीक अक्षर वाचताना सुटलं होतं. 'कै.' आणि नावापुढं 'यांच्या स्मरणार्थ'.

तेरवीला वाटायची ताटं होती ती.

मागं सून संजीवनी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्याबाई, डॉक्टरनं तसं सांगतलं होतं ना… अन् भाव उतरला होता. तुम्हीच तं म्हणता, गरज पडल्यावर दुकानदार…"

मनकर्णाबाईनं हातातलं ताट पदरानं पुसलं. आपलंच शिकवलेलं आपणच काय म्हणून नाकारायचं? आतून मात्र ती जळत होती. पोराला तिच्या जिवंतपणी एक ताट जड झालं होतं, मेल्यावरची शंभर जड झाली नव्हती.

दुपारी ज्ञानेश्वर जेवायला बसला. ती शेजारी येऊन बसली, धुतलेलं ताट समोर ठेवलं आणि सुनेला म्हणाली, "वाढ."

ज्ञानेश्वरची नजर ताटाच्या काठावर गेली आणि हातातला घास तिथंच राहिला.

"जेव बापू," ती भाकरी मोडत म्हणाली. "साऱ्या गावाले वाटाचे होते ना? पयलं म्या घेतलं."