खंडेनवमीला काढलेली बॅटरी

मुकुंद माझा धाकटा दीर, आणि मला तो डोळ्यासमोर नको असतो. नवरा गेल्यापासून मीटर-दुरुस्तीचं दुकान आम्हा दोघांचं, म्हणून रोज त्याचं तोंड बघावं लागतं.

दुकान चालायचं ते एका जुन्या, मोठ्या मीटरवर. हिंगण्याच्या कारखान्यांतली मीटरं त्याच्याशी ताडून बरोबर की चूक ते सांगायचं. त्याच्या अचूकपणाचे आकडे पोटातल्या मेमरीत, आणि वीज नसली की ती मेमरी एका बॅटरीवर जगायची. बॅटरी म्हातारी झाली होती. ती गेली की आकडे गेले. बनवणारी कंपनी केव्हाच बंद, आकडे पुन्हा भरून द्यायला कोणी तयार नाही.

"बदलून टाकू," मी म्हटलं.

"चालून राहिलं ना, वहिनी? मंग काहून हात लावता?"

"बंद पडल्यावर काय दुकानात पकोडे तळता?"

"हात नाही लावाचा. सांगून ठेवतो."

आडमुठा मेला! भावाच्या खुर्चीत मी बसते हेच त्याला खुपतं.

मग मी त्याला न विचारताच ठरवलं. खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी, मुकुंद पूजेला येतो तो दुपारी. सकाळी दुकानात चिटपाखरू नसतं. मीटर चालू ठेवलं की आकडे विजेवर तगतात, तेवढ्यात बॅटरी बदलायची. मी जुनी काढली आणि नवीची टोकं घासायला मागच्या दारी उजेडात गेले.

परत आले तर मुकुंद यंदा सकाळीच येऊन झेंडूचे हार घालत होता. मीटरच्या पडद्यावर अंधार.

"काय केलं हे, भाऊजी?"

"आजच्या दिवशी मशीन चालू ठेवते का कोनी? मीनं मेन पाडला."

"बॅटरी काढली होती मीनं!"

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतं?"

त्याने धावत मेन वर केला, मीटरला एक कोरा सेल लावला. दीड व्होल्टाच्या सेलला मीटर अकरा म्हणालं. त्याने दुसरा लावला. पुन्हा भलतंच.

"वहिनी, आता खाऊ काय आपण?" म्हणत तो मटकन खाली बसला.

दुकान बुडालं होतं. माझंही पोट त्या दुकानावरच होतं. तरी मुकुंदचा पडलेला चेहरा पाहून माझ्या जिवाला गार वाटलं.