कानापर्यंत पोचलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओ इंटरफेस आहे. नाव भारदस्त, काम साधं. माईकमध्ये शिरलेला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून द्यायचा. दिसायला म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढा, पुढे माईकची दोन भोकं आणि हेडफोनचं एक.

ताईला पॉडकास्ट सुरू करायचा होता. दुकानात ती आठ माईकच्या धिप्पाड यंत्रापाशी घुटमळत होती. दुकानदाराने विचारलं, बोलणार किती जण? ती म्हणाली, मी आणि बाबा. मग त्याने मला पुढे सरकवलं. काय छाती फुगली होती माझी!

बाबा तीस वर्षं बसचे ड्रायव्हर. बोलायला लागले की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळायची. पण सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून पहिला भाग रविवारीच करायचा ठरला.

शनिवारी तिने सगळं जोडून, तपासून ठेवलं. रविवारी टेबल पुसताना मात्र माझी वायर काढली आणि पुन्हा खोचली. तेवढ्यात कॉम्प्युटरने मला सोडून स्वतःचा माईक धरला. तिने ते पाहिलंच नाही. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर नको म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून त्याला कपाटात, रजयांच्या मागे ठेवून दिलं.

बाबा हसले की माझा दिवा लाल व्हायचा. ती बटण जरा मागे फिरवायची, की पुन्हा हिरवा. हेडफोनमध्ये तिला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, कारण तो मी कॉम्प्युटरला न विचारता थेट तिच्या कानात पाठवत होतो. तिथेच बिचारी फसली. शेवटी बाबा म्हणाले, "ठमे, तुझी आई गेल्यावर मी तुझ्यामुळे उभा राहिलो. कधी बोललो नाही." मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? जीव नुसता तुटत होता.

बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर तिने कौतुकाने ते रेकॉर्डिंग लावलं. दीड तास नुसती घरघर. ती हमसून हमसून रडली. बाबांनी वहीत लिहिलं, तू ऐकलंस ना, मग झालं.

"बाबा, मला ते परत ऐकायचं होतं," ती म्हणाली. बाबांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हापासून मी फडताळात धूळ खातोय. हात असते तर जोडले असते, मित्रांनो. माणूस बोलायला बसला की आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करा आणि ते वाजवून ऐका. आमच्या घरात तेवढं अर्धं मिनिट कोणी थांबलं नाही.