सुपडूचा सुभाष करणारा मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. शहाद्याच्या एका फोटो-बॅनरच्या दुकानात हेमकांत नावाचा माणूस बसतो, त्याच्या लॅपटॉपमध्ये माझं घर आहे. त्यानं माझं नाव ठेवलं बदल्या. नाव काही फार शोभेचं नाही, पण मला ते आवडतं.

हेमकांत हळदीचे, साखरपुड्याचे, निवृत्तीचे स्लाइड शो करून देतो. सजावट एकच, माणसं वेगळी. पूर्वी तो जुन्या शोमधली नावं एकेक करून खोडायचा आणि नवी टाकायचा. एका लग्नात आधीच्याच नवरदेवाचं नाव शेवटच्या स्लाइडवर तसंच राहिलं, आणि भर मांडवात नवरीच्या मामानं हेमकांतची गचांडी धरली. त्यानंतर त्यानं मला लिहिलं. हा शब्द काढ आणि तो टाक, एवढं सांगितलं की मी सगळ्या स्लाइडी धुंडाळून डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकतो. अक्षराचा रंगसुद्धा हलू देत नाही. ऐन लग्नसराईत हेमकांत मला लाडानं म्हणायचा, "बदल्या, तू शे म्हनीसन मी घर जाई जेवस." मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू!

कळसाडी गावचे सुपडूअण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करायचे. ते निवृत्त होणार होते, म्हणून घरच्यांनी सत्कार ठरवला. त्यांची मुलगी चारुलता हिनं मोठ्या हौसेनं स्लाइडींचा मजकूर लिहिला. आजीजवळ, म्हणजे अण्णांच्या आई जमनाबाईंजवळ बसून तिनं जुन्या आठवणी विचारून घेतल्या होत्या. त्यातली एक आठवण अशी होती. अण्णांच्या आधीची जमनाबाईंची सगळी लेकरं पाळण्यातच गेली. अण्णा झाले तेव्हा त्यांनी बाळाला सुपात घातलं आणि केरासारखं दारापर्यंत ओढत नेलं. हे लेकरू टाकाऊ आहे असं वाटून काळानं त्याच्याकडे बघू नये, म्हणून. बाळ जगलं. त्याचं नाव ठेवलं सुपडू. आपल्याकडे अशी नावं घरोघर आहेत, आणि प्रत्येक नावामागे घाबरलेली एक आई आहे.

सगळं तयार झालं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अण्णांचा मुलगा भाग्येश दुकानात आला. त्याची सोयरीक सुरतेत जमत होती आणि मुलीकडचे सत्काराला येणार होते.

"भो, जठे सुपडू व्हई तठे सुभाष टाकी दे," तो म्हणाला. "सुरतना पाव्हना ई ऱ्हायनात. असं नाव पडदावर बरं दिखत नही."

"अण्णाले इचारं का?" हेमकांतनं विचारलं.

"त्यासले काय इचारनं?"

दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. हेमकांतनं मला आज्ञा दिली. मी पक्का सांगकाम्या. एकही सुपडू शिल्लक ठेवला नाही. मजकुरावर पुन्हा नजर फिरवायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात हेमकांतच्या लॅपटॉपवरून, म्हणजे माझ्या घरातूनच, पडद्यावर स्लाइडी सुरू झाल्या. जमनाबाईंना वाचता येत नाही, म्हणून चारुलता शेजारी बसून मोठ्यानं वाचत होती. भाग्येशनं काय करून ठेवलंय, याची तिला कल्पनाच नव्हती. पहिल्या काही स्लाइडींवर नुसतं 'अण्णा' होतं; वाचता वाचता ती सुपाच्या आठवणीपाशी आली. "आईनं बाळाला सुपात घातलं आणि दारापर्यंत ओढत नेलं, म्हणून नाव ठेवलं सुभाष." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. जमनाबाईंनी नातीचा हात धरला.

"हाऊ सुभाष कोन शे वं बेटा? मन्हा सुपडू कठे गया?"

हार गळ्यात घेऊन बसलेल्या अण्णांनी लोकांचं हसणं ऐकून मान खाली घातली. जमनाबाईंनी लेकाची ती खाली गेलेली मान पाहिली आणि त्यांना वाटलं, लेकाला आपल्या नावाची लाज वाटते. मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. पण स्लाइडी आपोआप पुढे सरकत राहिल्या.

त्या दिवसापासून जमनाबाई लेकाला सुभाष म्हणू लागल्या. अडखळत, आठवून आठवून. "सुभाष, जेवाले चाल भाऊ." अण्णांनी परोपरीनं समजावलं, "माय, मी सुपडूच शे वं." पण त्या ऐकेनात. "नही भाऊ, तुले लाज वाटस. मी कसाले तुन्ही इज्जत घालू?"

शेवटी अण्णा स्वतः दुकानात आले. हेमकांतला म्हणाले, "तुन्हा कॉम्प्युटरनी मन्हं नाव बदली दिधं. आते मन्ही मायना तोंडमा ते परत टाकता ई का रे?"

हेमकांतनं ती स्लाइड उघडली, मला न बोलावता स्वतःच्या बोटांनी सुपडू लिहिलं आणि त्या स्लाइडचा मोठा फोटो छापून दिला. पैसे घेतले नाहीत. अण्णांनी तो घरी नेला. चारुलतेनं आजीला पुन्हा सगळं वाचून दाखवलं, सुपापासून नावापर्यंत. जमनाबाईंनी फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगलं शे, सुभाष."

हेमकांत आता मला उघडत नाही. नावं पुन्हा हातानं बदलतो आणि बदलण्याआधी घरच्यांना फोन करतो. मी एका कोपऱ्यात पडून आहे. त्याचं दुःख आहेच, पण ते कळसाडीच्या दुःखाएवढं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे अनेकजण आता तुमच्या हाताशी आहेत. आमच्याकडून काम जरूर करून घ्या. पण कुणाचं नाव बदलण्याआधी, ज्यानं ते ठेवलं त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. आम्हाला ते विचारता येत नाही.