अनोळखी हातांतली जपमाळ

मी एक जुनी जपमाळ आहे, मित्रांनो. लाकडी मण्यांची, टोकाला पितळेचा लहानसा क्रूस असलेली. एडवणच्या इजाबाईला लग्नात तिच्या आईने मला दिलं. तेव्हा मी फिकट होते. तिची बोटं फिरून फिरून मी काळी, गुळगुळीत झाले. तिचा नवरा लवकर गेला. सुकी मासळी विकून तिने एकुलत्या इनासला वाढवलं. दात येत होते तेव्हा तो मला चावायचा. एका मण्यावर त्याच्या दाताची खूण राहून गेली.

दिवेलागणीला मायलेक ‘नमो मरिया’ म्हणायला बसत. मोठा झाल्यावर इनासला कंटाळा येऊ लागला. तो मोबाइल घेऊन अंगणात जाई, आणि इजाबाई त्याच्या वाटचे मणीही स्वतःच ओढी.

गेल्या ऑक्टोबरात तो शेजारच्या मारुतीच्या बोटीवर गेला. बोटीखालच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. तीन दिवस शोधून बोट परतली. मारुतीची बायको राहीबाई इजाबाईजवळ बसून राहिली.

त्यानंतर ते घर पहिल्यासारखं राहिलं नाही. दार सताड उघडं असे. रोज दोन ताटं वाढली जात. भरती चढू लागली की इजाबाई जप मध्येच थांबवून कान देई. पाण्याकडून ‘आये’ अशी हाक येई. खरं सांगते, मित्रांनो, ती मलाही ऐकू यायची. मग तिचा अंगठा त्या दाताच्या मण्यावरून पुढे सरकतच नसे. चर्चचे फादर म्हणाले, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सेची प्रार्थना ठेवू. तिने नकारार्थी मान हलवली. मरियेचाही मुलगा येशू लहानपणी हरवला होता आणि तीन दिवसांनी सापडला होता, असं ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी शिरगावच्या किनाऱ्याला एक देह लागला. पोलिसांनी इजाबाईला बोलावलं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. तिने पायांवरची चादर सरकवली. इनासच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कोयत्याने तुटली होती. या पायांची दहाही बोटं शाबूत होती.

“माझा नाय,” ती म्हणाली. तिला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. तिने चादर पुन्हा पायांवर ओढली.

पुढे कित्येक दिवस त्या मुलाला न्यायला कुणीच आलं नाही. इजाबाईने फादरांकडे त्याच्यासाठी चर्चच्या दफनभूमीत जागा मागितली. त्याचा धर्म कुणालाच माहीत नाही, हे फादरांनी हळूच सांगितलं.

“त्यो कुनाचा हाय ते देवाला ठाव हाय, फादर,” ती म्हणाली. “माझा इनास कुटं लागला आसंल, तर तितं बी देव एक आय उबी करील. हितं त्यानं मला केलीय.”

फादरांनी जागा दिली. पेटी बंद करण्याआधी इजाबाईने मला गळ्यातून काढलं आणि त्या मुलाच्या हातांवर ठेवलं.

आता मी त्याच्यासोबत मातीत आहे. वर इजाबाई येते, बोटांच्या पेरांवर जप मोजते. हल्ली ती दोन्ही मुलांसाठी मागते.

मित्रांनो, कधी नाव नसलेली कबर दिसली, तर तिच्यावरचं गवत काढा, क्षणभर थांबा. खाली जो आहे त्याची आई अजून तिथवर पोचलेली नाही.