सेइनीने उसवलेली कड

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. पण अंथरायची नव्हे, कंबरेला बांधायची. माझ्यावर कोणी बसू नये, हे आधीच बजावते. टोंगाच्या बेटावर माझ्या मालकिणीच्या, वाइसिनियाच्या आईने केवड्याची पाने समुद्रात भिजवली, उन्हात वाळवली आणि मला विणले. मला बांधल्यावाचून आमच्यात कोणी राजासमोर उभे राहत नाही. मी जितकी जीर्ण, तितका माझा मान मोठा. नव्या कोऱ्या चटयांनी माझ्यापुढे जपून बोलावे.

वाइसिनियाबरोबर मी सिडनीत आले. लग्ने पाहिली, दफने पाहिली, मग बरीच वर्षे डांबरगोळ्यांच्या वासात पेटीत पडून राहिले. तिथून मला बाहेर ओढले ते सेइनीने. ही वाइसिनियाच्या भावाची मुलगी. शाळेत जाऊ लागली तरी तिला शब्द फुटला नव्हता. गोंगाट झाला की ती स्वतःच्या कानांवर मारून घेई. माझी कड बोटांत धरून एकेक पट्टी उसवली की ती शांत होई. मी उसवत गेले. त्याचे मला दुःख नाही.

तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासल्यावाचून वर्गात मदतनीस मिळणार नाही, आणि मदतनीस नसेल तर सत्र संपताच मुलीला घरी ठेवा, असे शाळेने कळवले. तज्ज्ञांकडची रांग मात्र हलेना. त्यांच्या दवाखान्यातून अधूनमधून फोन येई, "सेइनी कशी आहे?" तिची आई लोसे दर वेळी सांगे, "छान आहे, देवाची कृपा." परक्यापुढे घरचे रडगाणे गाणे आमच्यात शोभत नाही. तिकडे मात्र अर्थ लावला गेला, की हे घर थांबू शकते. सेइनीचे नाव मागे मागे सरकत गेले.

हे कळले तेव्हा वाइसिनिया कडाडली.

"छान आहे म्हणालीस? काल पोरीनं कान लाल करून घेतले, ते छान?"

"वन्सं, परक्या माणसाला कसं सांगायचं? लाज वाटते हो."

"लाज त्यांना वाटू दे. आण ती चटई!"

"दवाखान्यात चटई? लोक हसतील."

"हसू देत. दात मोजून येते एकेकाचे."

आमच्यात आत्याचा शब्द सख्खा भाऊ मोडत नाही. भावजय काय मोडणार? वाइसिनियाच्या कंबरेला माझ्यावरून काथ्याची दोरी आवळली गेली.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागचा तरुण म्हणाला, "आजी, तुमची चटई फाटलीय."

"ही राजासमोर गेलेली आहे, बाळा. आज तुझ्यासमोर आलीय. आता ऐक. सेइनी छान नाही. इतके दिवस आम्ही लाजेपोटी खोटं बोललो. आजपासून लाज संपली. डॉक्टरांना बोलाव, मी बसलेय."

ती बसली. सेइनी तिच्या मांडीवर माझी कड उसवत राहिली. दुपार कलली तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, मुलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि तपासणीसाठी सत्र संपण्याआधीची तारीख देऊन गेल्या. लोसेला रडू आवरेना. ती दाराकडे निघाली. वाइसिनिया हलली नाही. शेजारी लेकीला कवटाळून बसलेल्या माणसाला तिने विचारले, "फोन आला की तुम्ही काय सांगता?"

त्याने मान खाली घातली. "बरं चाललंय म्हणतो."

"उठा. खिडकीपाशी जा. खरं बोला. मी मागे उभी आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला सांधू नका, पेटीत तर मुळीच घालू नका. दवाखान्याच्या त्या खोलीत एक जरी लेकरू ताटकळत असेल, तर उद्या सकाळी माझी दोरी पुन्हा आवळा.