जपानहून आलेली मोटार

लुंबिनीचे धम्मानंदमामा १९८२ साली बौद्ध शिष्टमंडळाबरोबर जपानला गेले होते. येताना त्यांनी लहानग्या लुंबिनीसाठी रोबोट होणारी लाल मोटार आणली. आत नखाएवढा ड्रायव्हर बसायचा.

यंदा नांदेडच्या जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी हरिओमनं ती मागून नेली. कॉलेजपासूनचा मित्र, तिनं बिनघोर दिली. महिन्यानं तो लातूरला तिच्या घरी मोटार परत घेऊन आला. रंग तोच होता, पण आत सीटच नव्हती.

"ड्रायव्हर कुठाय?"

"ह्याच्यात ड्रायव्हर नसतोच की. हे रोबोट जिवंत असतेत."

"जिवंत ते अमेरिकेत झाले, हरिओम. तिथं विकताना नवी नावं दिली, नवी गोष्ट रचली. मामांचा त्याच्या आधीचा, जपानी. त्याला माणूस चालवायचा."

"एक जण लई मागं लागला होता, त्याला इकली," हरिओम शेवटी म्हणाला. "तुला कळंल असं वाटलं न्हाई."

विकल्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं. तिनं ती मोटार त्याच्या हातात परत दिली आणि दार उघडलं.

संध्याकाळी तिनं मामांना फोनवर सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "जेवलीस का?"

तेव्हा तिला रडू फुटलं.